पेला पाहताच तोंड फिरवणारे मूल

तापीकाठच्या प्रकाशापासून सातपुड्यातील धडगावच्या पाड्यांपर्यंत उन्हाळा मुलांच्या अंगातील पाणी झपाट्याने शोषून घेतो. अशा दिवसांत एखादे मूल पेला पाहताच तोंड फिरवू लागले, की घरातील सर्वांचा धीर सुटतो. मग कोणी हात धरतो, कोणी नाक दाबतो आणि बोंडल्याने पाणी घशात ओतले जाते. ही बळजबरी घातक आहे. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि पेल्याविषयीची भीती मुलाच्या मनात अधिकच घट्ट होते.

मुलाला पिता येत नाही, की ते पिण्यास तयार नाही, हा भेद प्रथम जाणून घ्यावा. पिताना वारंवार ठसका लागणे, पाणी नाकावाटे परत येणे, वजन न वाढणे अशी लक्षणे असल्यास घरगुती प्रयोग करू नयेत. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्यालाही हे अवश्य सांगावे.

शारीरिक दोष नसेल, तर नकारामागे बहुधा जुना अनुभव असतो : कधी जोराचा ठसका, कधी पेल्यातून पाजलेले कडू औषध. वर्तनोपचारात ही भीती पायरीपायरीने उतरवतात. मूल चमच्याने वरणभात खात असेल, तर त्याच चमच्यात प्रथम पाण्याचे चार थेंब द्यावेत. ते सहज घेऊ लागले की अर्धा चमचा, मग पूर्ण चमचा, आणि शेवटी पेल्यातून एक घोट. एका वेळी एकच बदल करावा. घोट घेताच कौतुक करावे. नाकारल्यास रागावू नये, विनवण्याही करू नयेत, एक पायरी मागे यावे. आजी-आजोबांसह सर्वांनी हीच रीत पाळावी. दरम्यान पातळ पेज, ताक व रसाळ फळे देत राहावीत. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मात्र स्तनपानच पुरेसे असते.

हा क्रम काही आठवड्यांचा आहे. जुलाब लागले असता इतका अवधी नसतो. तेव्हा ओआरएस द्यावे. दोन वर्षांखालील मुलास दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. मूल काहीच पिऊ शकत नसेल, सुस्त झाले असेल वा डोळे खोल गेले असतील, तर तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरातील पाड्यावरून दवाखाना दूर असतो. तेथे तर क्षणाचाही विलंब करू नये.