पगारी राखणदार

मोटारसायकलला बाजारातला अलार्म बसवणाऱ्या मंडळींशी माझं उघड भांडण आहे. अहो, हा राखणदार पगारात बॅटरीच खातो! उभ्या गाडीतून त्याने २० मिलिअँपिअर ओढले, तरी २४ तासांत अर्धा अँपिअर-अवर संपला. ४ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात गारद! शिवाय तो बसवताना इग्निशनची धडधाकट वायर कापायची, पिळायची आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची. पावसाळ्यात तो जोड गंजला की गाडी ठप्प. मग मेकॅनिक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, आणि आपलं पाकीट हलकं होतं. माझं म्हणणं एवढंच : आधी अलार्म काढा, मूळ वायर नीट जोडा, मग बाकीचं बघा. चोराला गाडी सुरू करता येत नाही, कबूल. पण मालकालाही येत नाही, त्याचं काय?