आकडा खोटा की एंजिन?

परवा सावनेरास आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जाणे झाले. त्यांचे चिरंजीव वैमानिकीचे शिक्षण घेत असून सुटीत घरी आले होते. बोलता बोलता त्यांच्या मातोश्रींनी विचारले, "अरे, आकाशात तुझे ते घड्याळच खोटे बोलू लागले, तर विश्वास तरी कोणावर ठेवायचा?" प्रश्न आईच्या काळजीतून आला होता, पण तो यंत्रज्ञासही विचार करावयास लावील असा होता.

चिरंजीवांनी उत्तरादाखल स्वतःचाच अनुभव सांगितला. लहान विमानाच्या एंजिनास ठिणगी देण्याकरिता मॅग्नेटो नावाची दोन स्वतंत्र यंत्रे असतात. एक बिघडले तरी दुसऱ्याने निभावावे, हा हेतु. उड्डाणापूर्वी ती एकेक बंद करून पाहतात. सेसना १५२ या विमानात ही परीक्षा मिनिटास १७०० फेऱ्यांवर घेतात. त्या वेळी फेरे १२५ हून अधिक घटू नयेत व दोहोंच्या घटीत ५० हून अधिक अंतर नसावे, असा दंडक आहे.

चिरंजीवांनी आपल्या विमानात उजवा मॅग्नेटो बंद करताच पडद्यावरील आकडा एकदम शून्यावर आला. एंजिन मात्र पूर्ववत् धडधडत होते! त्यांनी उड्डाण रद्द केले व विमान परत नेले. हा पडदा मॅग्नेटोच्या विद्युत्‌स्पंदांवरूनच फेरे मोजीत असे. डाव्यावर एंजिन चालू होते, अर्थात् डावा धड होता. त्याचा निरोप तेवढा पडद्यास पोचत नव्हता. तपासता डाव्याच्या तारेचा जोड सैल सापडला.

कधी तारा धड असूनही आकडा चुकतो. चार सिलिंडरांच्या एंजिनात दर फेऱ्यास दोन स्पंद येतात. पडद्यास चुकून सहा सिलिंडर सांगितले, तर तो तीन स्पंदांचा एक फेरा धरतो आणि २४०० चे १६०० दाखवितो. वैमानिक बिचारा एंजिन आणखी पळवितो! अशा वेळी पंख्याची पाती प्रकाशावरून मोजणारे निराळे उपकरण साक्षीस घ्यावे. त्याचीही परीक्षा घरच्या जुन्या चोकच्या नळीदिव्यावर होते. आपल्याकडील दिवा सेकंदास १०० वेळा लुकलुकतो. म्हणून दोन पात्यांच्या हिशेबाने उपकरणाने ३००० दाखवावे.

साक्ष न जुळता पुढे गेल्यास काय होते, हे १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे दिसले. एअर फ्लोरिडाच्या विमानात मापकाची नळी बर्फाने बुजून एंजिनाचा जोर होता त्याहून अधिक दिसला. इतर काटे निराळे सांगत होते. सहवैमानिकाने शंकाही बोलून दाखविली. तरी विमान उडालेच. त्यात ७८ जीव गेले.

हे ऐकून मातोश्री क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "पण तुझे एंजिन तर धड होते ना? मग परत का फिरलास?"

"आई, ते धड आहे हे तपासल्यावर कळले," चिरंजीव म्हणाले.

मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्यात मिळाले.