शाल नको, जामीन द्या

न्यायाधीशाचा सत्कार म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? हॉल, हार, शाल, श्रीफळ. जन्मभराच्या समाजसेवेबद्दल मानपत्र. पहिल्या रांगेत कोण बसलेत बघा. तेच ते पोटभरलेले. एकजण तरी उठून विचारतो का, की साहेब, तुम्ही खुर्चीत होता तेव्हा गरिबाचं काय केलंत?

आता एका काळ्या न्यायाधीशाचं ऐका. ब्रूस राइट, न्यूयॉर्कचा. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांकडून. तिथल्या बंदूकवाल्या पोरांचे फोटो आपण भिंतीला लावले. त्याच काळात, त्याच देशात एक काळा माणूस झगा घालून कोर्टात बसून लढत होता. त्याचा फोटो आपण लावला नाही.

१९३० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाने याला शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. पोरगा दारात पोचला. त्याची कातडी दिसली आणि त्याला परत पाठवलं. पुढे त्याने कारण विचारलं तर उत्तराचं पत्र मोठं गोड. इथे दक्षिणेकडची पोरं बरीच आहेत, तुला एकटं वाटेल, असा त्याचा अर्थ. म्हणजे आम्ही काही वाईट नाही हो, तुझ्याच काळजीपोटी हाकलतोय. ही भाषा ओळखीची वाटते ना? भाडेकरू ठेवताना आडनाव विचारणारा आपला घरमालकही असंच गोड बोलतो.

राइट दुसरीकडे शिकला, महायुद्धात लढला, वकील झाला. १९७० साली न्यूयॉर्कच्या फौजदारी कोर्टात न्यायाधीश म्हणून बसला. समोर रोज काळी पोरं उभी. गुन्हा शाबित व्हायचाय, पण खिशात जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत. राइटचं म्हणणं साधं होतं. जामीन कशासाठी? आरोपी तारखेला हजर राहावा यासाठी. गुन्हा शाबित होण्याआधी शिक्षा द्यायला नव्हे. गरिबाला न परवडणारी रक्कम सांगणं म्हणजे त्याला तुरुंगात टाकणंच. म्हणून तो कमी रकमेवर सोडायचा, कधी रकमेशिवायही.

पोलिसांची संघटना पिसाळली. ‘टर्न एम लूज ब्रूस’ असं त्याचं नाव पाडलं. सोडून द्या ब्रूस! त्याला फौजदारीतून उचलून दिवाणी कोर्टात टाकलं. तो भांडला आणि परत आला. १९८२ साली लोकांनीच मतं देऊन त्याला राज्याच्या वरच्या कोर्टात पाठवलं. १९८७ साली त्याने ‘ब्लॅक रोब्ज, व्हाइट जस्टिस’ हे पुस्तक लिहिलं. झगा काळा, न्याय गोरा. नावातच सगळं आलं. १९९४ साली तो निवृत्त झाला.

आणि सत्कार? २००१ साली प्रिन्स्टनच्या पदवीधर वर्गाने त्याला मानद सभासद करून घेतलं. ज्या दारातून हाकलला, त्याच दारात साठाहून जास्त वर्षांनी सन्मान! त्या पोरांची दानत चांगली होती, हे मान्य. पण तोवर म्हातारा ऐंशीच्या पुढे गेलेला. २००५ साली वारला. गेलेली वर्षं मानपत्रात गुंडाळून परत देता येत नाहीत.

आता इकडे या. १९७८ साली आपल्या सुप्रीम कोर्टापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला आला. खालच्या मॅजिस्ट्रेटने त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता. भाऊ जामीन राहायला तयार, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो चालला नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. कायदा तेव्हाच स्पष्ट झाला. तरी २०२२ च्या सरकारी आकड्यांत भारतातल्या तुरुंगांतले दर शंभरातले सुमारे ७६ कैदी कच्चे. म्हणजे खटला न संपलेले. त्यांत आपली माणसं किती, हे आपल्या वस्तीतल्या कुठल्याही आईला विचारा.

म्हणून मला म्हाताऱ्या न्यायाधीशांच्या सत्कारांचा राग येतो. त्या माणसांचा नाही, सत्काराचा. चांगला न्यायाधीश खुर्चीत असताना त्याच्यावर थुंकायचं, त्याची बदली करायची, आणि दात पडले की शाल घालायची. त्याची समाजसेवा समाजसेवा म्हणून मिरवायची आणि त्याचा निकाल फायलीत पुरायचा. सत्कार करणाऱ्याचे हात तेवढे धुऊन निघतात.

तेव्हा दोस्तांनो, कुणा न्यायाधीशाचा खरोखर मान करायचाय ना? मग हॉलचं भाडं वाचवा. आपल्या गल्लीतलं कोणतं पोरगं जामीनदार मिळत नाही म्हणून आत सडतंय, ते शोधा. वकिलाला गाठा, जातमुचलक्याचा अर्ज करा. तारखेला दहाजण कोर्टात जाऊन बसा. ज्याच्याकडे पगाराची पावती आहे, घराचा कागद आहे, त्याने पुढे होऊन सही करावी.

नोकरी लागली, फ्लॅट झाला, आता वस्तीशी काय देणंघेणं, असं म्हणणाऱ्यांनाच मी हे सांगतोय. तुमच्या त्या सहीला किंमत आहे. गवंड्याच्या भावाच्या सहीला नव्हती.

जामीन राहा. ब्रूस राइटचा सत्कार तिथेच होईल.