राष्ट्रास पापपुण्य आहे की नाही?

दरसाल १७ सप्टेंबर उजाडला म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ध्वज चढतो, पुष्पचक्रे वाहिली जातात, आणि पुढारी मंडळी १९४८ सालच्या मुक्तीचे पोवाडे गातात. मार्च २०२४ पासून तर केंद्र सरकारने हा दिवस प्रतिवर्षी पाळण्याचा ठराव अधिसूचनेनेच करून टाकला आहे. हा उत्सव असावा की नसावा याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तो असावाच. ज्या जिल्ह्यातील शेकडो कुटुंबांस घरदार सोडून बार्शी-सोलापूरकडे सरहद्दीपलीकडे जीव घेऊन पळावे लागले, ज्या नळदुर्गाजवळ १३ सप्टेंबर १९४८ रोजी हवालदार बचित्तरसिंग याने देह ठेवला व अशोकचक्राचा पहिला मान मिळविला, त्या जिल्ह्याने हा दिवस विसरावा असे कोण म्हणेल? रझाकारांचा जुलूम ही कोणा कादंबरीकाराची कल्पना नव्हे. तो भोगलेल्यांची नातवंडे आज आमच्या बाजारपेठेत दुकाने चालवीत आहेत.

आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या जमाखर्चात केवळ जमेची बाजू लिहिली जाते आणि नावेची बाजू कोरी राहते, त्या वहीवर कोणता शहाणा सावकार विश्वास ठेवील? १७ सप्टेंबरच्या वहीतील नावेची बाजू सुमारे पाऊणशे वर्षे कोरी आहे. किंबहुना ती लिहिली गेली होती, पण पान दुमडून ठेवण्यात आले. हे पान कोणते, ते प्रथम सांगतो.

पोलीस कारवाई संपल्यावर हैदराबाद संस्थानातून ज्या वार्ता दिल्लीस पोचू लागल्या, त्यांनी अस्वस्थ होऊन पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ पाठविले. पूर्वी हैदराबादेत वर्तमानपत्र चालविलेले काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्यांचे सहकारी होते. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ही मंडळी संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. त्यांनी जो अहवाल दिला त्यात अत्यंत वाईट स्थितीचे म्हणून जे चार जिल्हे नमूद आहेत त्यांत गुलबर्गा, बिदर व नांदेड यांच्या जोडीस आमचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, आहे. या चारच जिल्ह्यांत कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांची संख्या निदान १८ हजार, आणि सबंध संस्थानात २७ ते ४० हजार, असा त्यांचा अंदाज होता. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. जिल्हा म्हणून ते १९८२ साली वेगळे झाले. त्या मोठ्या व्यापारी पेठेत हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चालले, आणि सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी शिष्टमंडळास तेथे जेमतेम तीन हजार माणसे आढळली, असे त्यात लिहिले आहे. लुटीत व हत्येत काही ठिकाणी सरकारी शिपायांचाही हात असल्याचे त्यांनी लपविले नाही. त्याचबरोबर रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांवरही त्यांनी पांघरूण घातले नाही. अहवाल लिहिणारे हिंदुस्थानचे वैरी नव्हते; पंडित सुंदरलाल हे स्वतः जुने देशभक्त व राष्ट्रीय चळवळीत कारावास भोगलेले गृहस्थ होते.

हा कागद सरकारने प्रसिद्ध केला नाही. गृहमंत्री सरदार पटेलांस हे शिष्टमंडळ मुळातच मानवले नव्हते. आणि ज्यांनी ते धाडले त्या पंतप्रधानांनीही त्याचा अहवाल कपाटात ठेवला. २०१३ साली तो दिल्लीतील त्या वेळच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात लोकांस पाहावयास मिळू लागला व त्याच वर्षी श्री. नूराणी यांच्या इंग्रजी ग्रंथात छापला गेला. म्हणजे आज तो गुप्त नाही. पण ज्या जिल्ह्याविषयी तो आहे त्या जिल्ह्यातील शेकडा किती लोकांनी त्याचे नाव तरी ऐकले असेल?

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने मराठा समाजाच्या मागणीवरून निर्णय काढला आणि निजामी राजवटीचे हैदराबाद गॅझेटियर हे कुणबी दाखल्यांच्या कामी पुरावा म्हणून मानले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु निजामाच्या कारकुनांनी केलेली शिरगणती जर आम्हांस इतकी ग्राह्य, तर आमच्याच पंतप्रधानांनी आमच्याच जिल्ह्यात पाठविलेल्या माणसांचा अहवाल वाचावयास काय हरकत असावी? जुने दप्तर लाभाचे असेल तेव्हा उघडावे आणि लाजेचे असेल तेव्हा बांधून ठेवावे, हा न्याय कोणत्याही दिवाणी न्यायालयात टिकणार नाही. पुराव्याच्या कायद्यात तर असा दंडकच आहे की, जो पक्षकार हाती असलेला कागद हजर करीत नाही, त्याच्याविरुद्ध न्यायाधीशाने अनुमान काढण्यास हरकत नाही.

यावर दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा की, राजकारणात साधूची नीती चालत नाही. जशास तसे हाच तेथील धर्म. हा पक्ष महाराष्ट्रात नवा नाही. १९२० साली लोकमान्य टिळक व महात्मा गांधी यांच्यात 'यंग इंडिया' पत्रात यावरूनच वाद झाला होता; राजकारण हा संसारी माणसांचा व्यवहार आहे, साधूंचा नव्हे, असे लोकमान्यांचे म्हणणे होते. लोकमान्यांविषयी आमची भक्ती कोणाहून कमी नाही. तथापि त्यांचे सूत्र जसेच्या तसे मान्य केले तरी ते या प्रकरणी लागू पडत नाही. शठाशी शठपणा करावयाचा, तर शठ कोण? लातूरचा वकील कासीम रझवी हा शठ होता. (ज्याने सनद घेऊन कायद्याचा आधार घेतला त्यानेच टोळ्या उभारून कायद्याचा खून पाडावा, ही आमच्या धंद्यास मोठी लाजेची गोष्ट आहे.) पण त्यास आपल्या सरकारने न्यायालयापुढे उभे केले, बचावाची संधी दिली, शिक्षा दिली, आणि १९५७ साली सुटून तो पाकिस्तानास निघून गेला. निजाम मीर उस्मान अली खान यास तर २६ जानेवारी १९५० रोजी राजप्रमुख नेमून १९५६ पर्यंत मानाने वागविले. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांस कायद्याचे संरक्षण मिळाले. ज्या विणकराने, कसायाने, शेतमजुराने आयुष्यात बंदूक धरली नसेल त्याची गणतीसुद्धा झाली नाही. एकाच्या अपराधाबद्दल त्याच्या जातभाईचा जीव घेणे यास मनूपासून इंग्रजांपर्यंत कोणत्याही स्मृतीत वा संहितेत आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. घडले ते घडले. आजच्या पिढीने आजोबांच्या पातकाचा भार का वाहावा? येथे आम्हांस ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाचा विचार करणे उपयुक्त वाटते, आणि आमचे सनातनी वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत देताना तेही येशूचेच शिष्य असतात. यहेज्केल नावाच्या भविष्यवाद्याने अगदी स्पष्ट सांगितले आहे की, बापाचा दोष मुलाच्या माथी बसत नाही. ज्याचे कर्म त्यालाच. तेव्हा आजच्या तरुणांस अपराधी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही, आम्हांसही नाही. परंतु अपराध आणि ऋण यांत भेद आहे. आमच्या हिंदू कायद्यात बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे पवित्र कर्तव्य मानले जात असे. २००५ सालच्या दुरुस्तीने नव्या कर्जापुरते ते रद्द झाले. राष्ट्राची गोष्ट तर याहून सोपी आहे. माणसे मरतात, पण राज्यसंस्था मरत नाही. ज्या सरकारने १९४८ साली शिष्टमंडळ धाडले तेच सरकार आज दिल्लीत आहे. तोच ध्वज, तेच दप्तर. हे ऋण मुलाचे नव्हे, मूळ कर्जदाराचेच आहे.

आणि त्याच ग्रंथातील दावीद राजाची कथा पाहा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात ती आहे. दावीद हा काही दुष्ट राजा नव्हता. विखुरलेल्या टोळ्यांचे राष्ट्र करणारा, लोकांचा लाडका, देवाचा आवडता असा तो पुरुष. त्याने आपल्याच उरीया नावाच्या सैनिकाची बायको घेतली आणि त्यास लढाईच्या तोंडी देऊन मारविले. तेव्हा नाथान त्याच्याकडे गेला आणि एका गरिबाची एकुलती एक कोकरी श्रीमंताने हिसकावून नेल्याची फिर्याद सांगितली. राजा संतापला, शिक्षा बोलून गेला. मग नाथानाने तो श्रीमंत म्हणजे स्वतः राजाच असल्याचे दाखवून दिले. या कथेत आमच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बोट दाखविणारा परका नव्हता, राजाच्याच राष्ट्राचा होता. राजाने त्यास राष्ट्रद्रोही म्हणून बंदीत टाकले नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, यहुद्यांनी आपल्या सर्वश्रेष्ठ राजाचे हे पाप स्वतःच्या पवित्र ग्रंथात लिहून ठेवले, आणि तीन हजार वर्षांत ते खोडले नाही. त्यामुळे दावीदाची कीर्ती कमी झाली काय?

कोणी म्हणेल, ख्रिस्ती राष्ट्रांनी तरी काय दिवे लावले? खरे आहे. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत मधला थोडा काळ वगळता चालू होते; त्याची आठवण कोकणात अजून बुजलेली नाही. पण मार्च २००० मध्ये रोमच्या पोपने आपल्या चर्चच्या अनुयायांनी शतकानुशतके केलेल्या पातकांबद्दल उघड उपासनेत क्षमा मागितली, हेही तितकेच खरे. याहून बोधप्रद उदाहरण जर्मनीचे. ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे तेथील प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी राष्ट्राच्या अपराधात आपलाही वाटा असल्याचे जाहीर केले. त्यावर सही करणारांत मार्टिन नीमोलर होते, ज्यांनी स्वतः हिटलरच्या बंदिशाळेत सात वर्षांहून अधिक काळ काढला होता. त्यांस 'मी तर सोसणारा' असे म्हणून बाजूस होता आले असते. त्या पत्रकावर त्यांच्या देशबांधवांनी थोडी चिखलफेक केली असे नाही. तरी सही मागे घेतली गेली नाही.

तेव्हा पुढाऱ्याची कसोटी कोठे लागते? शत्रूच्या पापाविरुद्ध सभा गाजविण्यास धैर्य लागत नाही, टाळ्या आयत्या मिळतात. हैदराबादेत 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी स्वतः मुसलमान असून रझाकारांविरुद्ध लिहिले, संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे असा पक्ष मांडला, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये मारेकऱ्यांनी त्यांचा जीव घेतला. लिहिणारा हातही तोडला. आपल्याच लोकांस सत्य सांगण्याची किंमत त्यांनी दिली. मुक्तिदिनाच्या भाषणांत त्यांचे नाव पुष्कळ वेळा येते, आणि यावे. पण त्यांचे नाव घेणाऱ्या वक्त्याने स्वतःच्या बाजूस एक कठोर शब्द सांगण्याची वेळ आली म्हणजे घसा बसविणे, हे बरे दिसत नाही. पंडित नेहरूंच्या बाबतीतही आम्ही हेच म्हणू. चौकशीस माणसे धाडणे हे नीतीचे कृत्य होते. काश्मिरात लढाई चालू असताना व हैदराबादचे प्रकरण सुरक्षा समितीपुढे असताना अहवाल दाबून ठेवणे हे सोयीचे कृत्य होते. ते त्या महिन्यांपुरते समजू शकते. पण १९४९ गेले, १९५६ मध्ये संस्थानच मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि सोय संपली तरी कपाट बंदच राहिले. त्यानंतर दिल्लीस व मुंबईस सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. दोष एका पक्षाचा नाही.

त्याच अहवालात आणखी एक भाग आहे, आणि तो दडविला गेला याचे आम्हांस सर्वांत अधिक दुःख वाटते. अनेक गावी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस, बायकामुलांस, घरात लपवून वाचविले. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या रक्षणार्थ स्वतःचे प्राणही दिले. पळविलेल्या स्त्रियांच्या सुटकेस पुष्कळांनी साहाय्य केले. पाप दडविण्याच्या भरात सरकारने हे पुण्यही दडविले. त्या विणकरांच्या नावाची एक गल्ली, एक शाळा, एक दगड जिल्ह्यात उभा राहण्यास आधी ती नावे तरी कोणी गोळा केली पाहिजेत.

गावाचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले; उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो बदल कायम केला. नाव बदलण्यास जितका उत्साह दिसला त्याचा दशांश जरी शासनाने दाखविला तरी पुढील काम होण्यासारखे आहे. सुंदरलाल अहवालाचे अधिकृत मराठी भाषांतर करून ते प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावे. जिल्हा गॅझेटियरला एक पुरवणी जोडून तीत रझाकारांनी मारलेल्यांची आणि सप्टेंबर १९४८ नंतर मारल्या गेलेल्यांची, दोहोंची गाववार यादी एकाच प्रतीत छापावी. यास नवा कायदा लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला अशी नव्वदीच्या घरातील थोडी माणसे नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या बाजूस अजून आहेत; त्यांचे जबाब घेण्याचे काम मात्र पुढच्या १७ सप्टेंबरपर्यंत थांबण्यासारखे नाही.