सागवानी नौकेचा लेप

सागवानाच्या नौकेला कोणता लेप द्यावा, असा प्रश्न निघाला की बहुतेक मालकांची दृष्टी प्रथम चकाकत्या व्हार्निशाकडे वळते. परंतु ज्या लाकडाच्या अंतरंगात निसर्गानेच तेल व रबरासारखे द्रव्य साठवून ठेवले आहे, आणि त्या बळावर जे खाऱ्या पाण्याला व वाळवीला दीर्घकाळ दाद देत नाही, त्याच्यावर काचेसारखे कवच चढविण्याचा आग्रह मला त्या लाकडाच्या प्रकृतीशी विसंगत वाटतो. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते, आणि त्या दीर्घायुष्याचे मोठे श्रेय सागवानाचे आहे.

व्हार्निश तेलकट पृष्ठभाग घट्ट धरीत नाही, ही खरी अडचण आहे. अ‍ॅसिटोनने लाकूड पुसले तर वरचे तेल निघते खरे, पण आतले पुन्हा वर येते, सबब पहिला हात विनाविलंब द्यावा लागतो. आणि एवढी दक्षता घेऊनही उन्हातील अतिनील किरण पारदर्शक थरातून आत शिरून लाकडातील लिग्निनचे विघटन करतात, थर सुटू लागतो, त्याच्या चिरांतून पाणी झिरपते, काळे डाग पडतात, आणि अखेर सगळे खरवडून काढताना चांगले लाकूडही जाते. दोन द्रव्ये मिसळून लावावयाचे पॉलियुरेथेन अधिक कठीण असते, परंतु एकदा सुटू लागले म्हणजे त्याची डागडुजी त्याहून जिकिरीची.

म्हणून लेपाची निवड करताना तो किती चमकतो यापेक्षा तो बिघडल्यावर किती सुलभतेने दुरुस्त होतो, हे मी आधी विचारीन. नारळी पौर्णिमेपूर्वी होडीला माशांचे तेल चोपडण्याचा कोकणातील जुना दस्तूर याच विचाराचा आहे: जुना थर खरवडण्याची गरज नाही, स्वच्छ करून पुन्हा तेल द्यावे, एवढेच. अळशीचे कच्चे तेल मात्र मी सुचविणार नाही. ते काळवंडते आणि दमट हवेत बुरशीचे खाद्य होते.

तक्तपोशी तर उघडीच ठेवावी. ती राखाडी होते, पण तो रंग केवळ वरच्या पातळ पापुद्र्याचा असतो. खारे पाणी आणि मऊ ब्रश रेषांना आडवा फिरविणे पुरे. तारेचा ब्रश व तीव्र आम्ल मऊ भाग खाऊन टाकतात आणि कठीण रेषा उंचवट्यासारख्या उरतात. व्हार्निशाची हौस ज्यांना भागवावयाची असेल त्यांनी ती केबिनच्या आतील दारांवर, फडताळांवर भागवावी, जेथे ऊन पोहोचत नाही.