वारा बघून निघावे

साठी उलटलेल्या माणसाने सायकल चालवावी की नाही, हा वाद पुण्यात तरी आता जुना झाला. पहाटे सिंहगड रस्त्यावर जाऊन उभे राहा, पांढऱ्या केसांवर हेल्मेट चढवलेली मंडळी हमखास दिसतील. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अशा मंडळींनी एका समुद्रावरून निघून दुसऱ्या समुद्राला भिडायचे ठरवले, तर तो बेत आखायचा कोणी आणि कसा?

घरी विषय काढला की मुले म्हणतात, "बाबा, त्यापेक्षा गाडी करून जा ना!" ही झाली एक तऱ्हा. दुसरी आपल्यातल्याच वीरांची. तरुणपणी दिवसाला सव्वाशे किलोमीटर मारल्याची आठवण त्यांच्या पायांत नसली तरी डोक्यात असते आणि बेत आखते ते डोके. मुलांचा बेत आपल्याला म्हातारा ठरवतो, वीरांचा बेत आपले वयच विसरतो. थोडा दम लागावा, पण दम तुटू नये, असा मधला मार्ग आखणे खरोखर अवघड काम आहे.

आम्ही सातजण आहोत. सर्वांत धाकटा एकसष्ट वर्षांचा, ज्येष्ठ चौऱ्याहत्तरचे. वाट निवडली ती दक्षिणेतली. कोकणातून देशावर यायचे तर घाट चुकत नाही. एकटा खंडाळ्याचा घाट सहाशे मीटरच्या घरात जातो. पण केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर सह्याद्रीच्या भिंतीला एक मोठी फट आहे, पालघाटची खिंड. तीस-चाळीस किलोमीटर रुंद, आणि उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर. या वाटेने अरबी समुद्रावरचे पोन्नानी आणि बंगालच्या उपसागरावरचे नागपट्टणम यांत अंतर उरते पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर.

आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरने नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे रेघ ओढली होती. मी ती उलटी करायला लावली, कारण वारा. डिसेंबर ते फेब्रुवारी या खिंडीतून कोरडा पूर्वेचा वारा सुसाट वाहतो. पावसाळ्यात तोच पश्चिमेचा होतो आणि पल्लडम-उडुमलपेटकडच्या पवनचक्क्या त्यावर गरगरतात. सत्तरीच्या गुडघ्यांना चढापेक्षा समोरचा वारा जास्त छळतो. चढ संपतो तरी. वारा दिवसभर छातीवर बसून राहतो. इंग्लंडमध्ये १९९४ साली आयरिश समुद्रावरच्या व्हाइटहेवनपासून पूर्वेच्या संडरलंडपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू झाला. तो बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात, कारण तिथला नेहमीचा वारा पश्चिमेचा. मागचे चाक एका समुद्रात आणि पुढचे दुसऱ्या समुद्रात बुडवण्याची त्यांची रीत आहे. ती आम्हीही उचलणार. दिशा मात्र आपल्या वाऱ्याची.

तेव्हा नागपट्टणमहून निघायचे, पोंगल उरकल्यावर जानेवारीअखेर. ईशान्य मोसमीचा पाऊस तोवर सरलेला असतो आणि दुपारचा पारा तीसच्या आसपास राहतो. पहिला दिवस मुद्दाम लहान, तिरुवारूरपर्यंत पंचवीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी साठ, तंजावरला. तिथे पूर्ण विश्रांती. मराठी माणसाला तंजावर घाईत ओलांडता येणारच नाही. सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे दप्तर. पाय विश्रांती घेतील तेव्हा डोळ्यांना काम मिळेल.

पुढे तिरुचिरापल्ली, आणि तिथून कावेरीच्या काठाने करूर, ऐंशी किलोमीटर. हा एक दिवस मी कठीण ठेवला आहे, कमी करू दिला नाही. एवढा एक दिवस नसेल तर ती सहल झाली, मोहीम नव्हे. करूर ते कोइंबतूर मात्र बैलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कांगेयमला मुक्काम करून दोन दिवसांत. कोइंबतूर चारशे मीटरवर. पण समुद्रापासून तिथवरचा चढ साडेतीनशे किलोमीटरवर पसरलेला, म्हणून पायांना तो कळतही नाही. तिथे पुन्हा एक दिवस विश्रांती, मग उतार.

आता खरा कळीचा मुद्दा. अपघात वाटेने होतात त्याहून अधिक भिडेने होतात. आमच्या पिढीच्या पुरुषांना "मी दमलो" म्हणता येत नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबावरच्या काही गोळ्या शरीरातले पाणी आणखी कमी करतात. मधुमेह्याची साखर पायडल मारता मारता उतरते. या तिन्ही गोष्टी माणूस मुकाट्याने सोसतो आणि मग कोसळतो. म्हणून मी दोन अटी घातल्या. निघण्यापूर्वी प्रत्येकाने डॉक्टरांशी गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्यायच्या. आणि मागून येणाऱ्या टेम्पोत रोज एकाने पाळीने बसायचेच, दमला असो वा नसो. ज्येष्ठ भडकले. "मी बसणार नाही हो टेम्पोत!" मी म्हटले, "आप्पा, पहिली पाळी तुमची नाही, माझी." तेव्हा गप्प झाले. रोज कोणीतरी बसलेलेच असले, की जास्तीचा बसायला कोणी लाजत नाही. बॅटरीच्या सायकलीलाही मी हो म्हटले आहे. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली; मुरडोत.

सुटायचे रोज साडेपाचला, थांबायचे अकराच्या आत. वेग सर्वांत मागच्याचा. गिअर असे, की मागची चकती पुढच्यापेक्षा मोठी करता यावी. शहाळी आणि ताक वाटेत हवे तितके.

अपवाद शेवटच्या दिवसाचा. पालघाटवरून भारतपुळ्ळेच्या कडेने पट्टांबीला यायचे. तिथून पोन्नानी तीसच किलोमीटर. त्या दिवशी पहाटेचा गजर नाही. जेवून, वामकुक्षी करून, तीनला निघायचे. नागपट्टणमला सूर्य समुद्रातून वर येतो, इथे तो समुद्रात बुडतो, आणि बुडण्यापूर्वी सातही सायकलींची पुढची चाके ओली व्हायला हवीत. टेम्पोचीसुद्धा, असे आप्पा म्हणतात.