पंचांचा दोष की नियमांचा?

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात चेंडू घेऊन धावणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मिठीत सापडला, की हजारो कंठांतून एकच आरोळी उठते, 'बॉल!' पकडल्या गेलेल्या खेळाडूने चेंडू अडवून धरला आहे, तेव्हा पंचांनी त्याच्याविरुद्ध शिट्टी वाजवावी, असा तिचा अर्थ. पंच कधी शिट्टी वाजवतात, कधी खेळ पुढे चालू ठेवण्याची खूण करतात; आणि दोन्ही प्रसंगी अर्धे मैदान संतापते. एवढाच प्रकार असता, तर तो करमणुकीचा एक भाग मानून सोडून देता आला असता. परंतु अलीकडे या संतापाचे स्वरूप पालटले आहे. पंच चुकले, ही जुनी तक्रार मागे पडली असून, एकाच कृतीला पूर्वार्धात एक आणि उत्तरार्धात दुसरा न्याय लावला जातो, ही तक्रार पुढे आली आहे. या दोन तक्रारी एक नव्हेत. त्यांतील भेद ध्यानात घेतल्याखेरीज वादाचे मूळ हाती लागणार नाही.

या खेळाचे पहिले लिखित नियम १८५९ साली मेलबर्न येथे तयार झाले. क्रिकेटच्या विस्तीर्ण, लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडू एकमेकांशी भिडतात. 'ऑफसाइड'चा नियम नसल्यामुळे चेंडूभोवती चहू दिशांनी गर्दी होते आणि त्या गर्दीत कोणी कोणाला कसे धरले, हे क्षणार्धात ठरवावे लागते. १९७६ पूर्वी हे काम एकच मैदानी पंच पाहत असे. त्या वर्षी दोन, १९९४ मध्ये तीन आणि २०२३ मध्ये चार पंच नेमण्यात आले. तरीही तक्रारी कमी झाल्या नाहीत, यात नवल नाही. डोळे वाढले म्हणजे दृष्टी एक होते, असे नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव परिचित आहे. परीक्षकांची संख्या वाढविली, पण गुणदानाचा निकष संदिग्धच ठेवला, तर काम लवकर उरकते; विद्यार्थ्याला न्याय मिळतोच, असे मात्र नाही.

संदिग्धता नेमकी कोठे आहे, ते चेंडू अडविण्याच्या नियमावरून स्पष्ट होते. खेळाडूला चेंडू सोडण्याची पूर्वसंधी मिळालेली असेल, तर पकडले जाताच त्याने तो लाथेने किंवा मुठीने योग्य रीतीने पुढे धाडला पाहिजे. पूर्वसंधी नसेल, तर तसा प्रामाणिक प्रयत्न केला तरी पुरे. नियमामागील हेतू उदात्त आहे. धाडसाने चेंडूवर झेप घेणाऱ्याला संरक्षण मिळावे आणि चांगली पकड करणाऱ्यालाही तिचे फळ मिळावे. परंतु पूर्वसंधी म्हणजे किती क्षण, आणि प्रयत्न प्रामाणिक होता की देखाव्याचा, हे कोणत्याही मोजपट्टीने ठरत नाही. त्यातच २०२४ चा हंगाम निम्म्यावर येण्याच्या सुमारास नियामक संस्थेने, पकडल्या गेलेल्या खेळाडूला मिळणारा अवधी कमी करावा, अशी सूचना पंचांना दिली. नियमाचे शब्द तेच राहिले. अर्थ तेवढा बदलला. मार्चमध्ये निर्दोष ठरणारी कृती जूनमध्ये दोषास्पद ठरू लागली. कार्यालयातील कारकुनाला जुन्याच नियमाचा नवा अर्थ सांगणारे परिपत्रक वर्षाच्या मध्यावर हाती पडले, म्हणजे जी अवस्था होते, तीच येथे पंचांची झाली. फरक इतकाच, की कारकुनाच्या टेबलाभोवती हजारो माणसे आरडाओरडा करीत उभी नसतात.

उघड चुकीची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अॅडलेड आणि सिडनी यांच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटांत अॅडलेडच्या बेन कीजने मारलेला चेंडू खांबाला लागला, असे गोलपंचांनी ठरविले. प्रत्यक्षात तो लागला नव्हता. तरी कॅमेऱ्याद्वारे फेरतपासणी झाली नाही. सहा गुणांऐवजी अॅडलेडला एकच गुण मिळाला. सामना त्यांनी एका गुणाने गमावला आणि बाद फेरीत जाण्याची त्यांची आशा मावळली. दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या प्रमुखांनी चूक जाहीरपणे मान्य केली. अन्याय मोठा होता, परंतु त्यावर उपाय होता. कारण चेंडू खांबाला लागला की नाही, याचे उत्तर कॅमेरा देऊ शकतो. खेळाडूच्या मनात काय होते, याचे उत्तर मात्र कोणताही कॅमेरा देणार नाही.

मेलबर्नच्या ज्या क्रिकेट मैदानावर या फुटबॉलचा अंतिम सामना भरतो, तेथेच फेब्रुवारी १९८१ मध्ये सुनील गावसकर पायचीतच्या निर्णयाने क्षुब्ध होऊन सहकारी चेतन चौहान यांना बरोबर घेऊन निघाले होते. व्यवस्थापकांनी सीमारेषेवर चौहान यांना परत धाडले, म्हणून सामना बचावला आणि पुढे भारताने तो जिंकलाही. त्यानंतर क्रिकेटने आधी तटस्थ पंच आणि मग तांत्रिक फेरतपासणी स्वीकारली. पायचीतचा प्रश्न मुख्यतः भूमितीचा असल्यामुळे हा मार्ग मोकळा होता. फुटबॉलमधील बरेचसे वाद हेतूविषयी असल्यामुळे क्रिकेटचा उपाय तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

या परिस्थितीत नियामक संस्थेने धाक वाढविण्याचा मार्ग चोखाळला. २०१९ मध्ये पंचांच्या टकलाचा उल्लेख करून त्यांना शिवी देणाऱ्या प्रेक्षकावर झालेली कारवाई गाजली. २०२२ मध्ये तर निर्णयावर नापसंती दर्शविण्यासाठी खेळाडूने नुसते हात पसरले, तरी पन्नास मीटरचा दंड होऊ लागला. यामागील चिंता खोटी नव्हती. गावोगावच्या सामन्यांत शिवीगाळीला कंटाळून पंच हे काम सोडून जात होते, आणि पंच नसतील तर मुलांचे सामनेही होणार नाहीत. तथापि, हा नवा दंडही कधी झाला, कधी झाला नाही. म्हणजे विसंगतीविषयीचा असंतोष दडपण्यासाठी योजलेल्या उपायातच विसंगती शिरली.

अर्थात, प्रेक्षक निःपक्षपाती असतो, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या संघाला मिळालेली अयोग्य फ्री किक त्याला कधीच आठवत नाही. शिवाय पंचांच्या विवेकावर या खेळाने केवढा विश्वास टाकला आहे, हेही विसरता येत नाही. खेळातील सर्वांत मानाचे ब्राउनलो पदक १९२४ पासून मैदानी पंचांच्याच मतांवर दिले जाते. ज्यांच्या पारखीवर वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरतो, ते सारेच अकार्यक्षम आहेत, असे कसे म्हणावे?

म्हणून दोष व्यक्तींपेक्षा रचनेत शोधावा लागतो. अर्थशास्त्रात निश्चित नियम आणि स्वेच्छाधिकार यांतील वाद जुना आहे. स्वेच्छाधिकाराने प्रत्येक प्रसंगाचे वैशिष्ट्य पाहता येते, परंतु उद्याचा निर्णय काय असेल, हे आज कळत नाही. निश्चित नियम क्वचित कठोर ठरतो, पण तो सर्वांना आधी माहीत असतो आणि त्यानुसार माणसे आपले वर्तन बेततात. २०२६ च्या हंगामासाठी संस्थेने केलेला एक बदल याच दिशेचा आहे. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात लाथेने वा मुठीने धाडलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता सीमेपार गेला, तर तो प्रतिपक्षाला मिळावा. तो मुद्दाम बाहेर घालविला की नाही, याचा काथ्याकूट नको. दक्षिण ऑस्ट्रेलियातील लीगने २०१६ मध्येच असा नियम स्वीकारला होता. त्याला किंमत आहेच. सरळ मनाने खेळणाऱ्याचा नेम चुकला, तरी त्यालाही दंड होईल. परंतु ती किंमत सर्वांना सारखी आणि आधी जाहीर झालेली असेल.

प्रत्येक नियम असा यांत्रिक करता येणार नाही, आणि करूही नये. तसे केले तर खेळातील धाडसच आटेल. मात्र जेथे स्वेच्छाधिकार ठेवणे अपरिहार्य आहे, तेथे त्याचा अर्थ हंगामापूर्वी ठरवावा, तो उदाहरणांसह लोकांपुढे मांडावा आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये, एवढे पथ्य संस्थेला पाळता येण्यासारखे आहे. पंचांची चूक प्रेक्षक चार दिवसांत विसरतो. बदलत्या निकषाने आलेला संशय मात्र पुढच्या प्रत्येक निर्णयाला चिकटतो, आणि मग अचूक निर्णयावरही कोणी विश्वास ठेवीत नाही.